प्रश्नावली कोणाच्या हाती?

(अंबरनाथ येथे पदवीधर तरुण व पक्षाचे कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सरकारी धोरणांचे संशोधन आणि सरकारी योजनांचे मूल्यमापन हे काम आपल्या तरुणांनी व्यवसाय म्हणून पत्करावे काय, असा विषय अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला दिला आहे. विषय जाहीर झाल्यावर दोन प्रतिक्रिया माझ्या कानी आल्या. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "मोर्चाला माणसे मिळत नाहीत आणि तुम्ही पोरांना कागद चिवडायला शिकवता." दुसरी प्रतिक्रिया एम. ए. झालेल्या एका मुलीची होती. ती म्हणाली, "काका, त्या नोकऱ्या आमच्यासाठी नसतातच. आम्हांला फॉर्म भरायला बोलावतात, अहवाल लिहायला नाही." पहिल्या आक्षेपाचे उत्तर मी ओघात देईन. त्या मुलीचे म्हणणे मात्र आजच्या भाषणाचा गाभाच आहे असे मी समजतो.

पाहणी कशी होते ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना तिच्या बोलण्याची खूण पटेल. मुंबईत किंवा दिल्लीत एका खोलीत प्रश्नावली तयार होते. मग उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पमध्ये किंवा बदलापूर पूर्वेच्या चाळीत दारोदार फिरण्यासाठी स्थानिक मुले-मुली हव्या असतात. त्यांना फॉर्ममागे ठरावीक पैसे मिळतात. दार बंद असले तर फेरी फुकट जाते. भरलेले फॉर्म वर जातात, त्यांची कोष्टके होतात, कोष्टकांवरून निष्कर्ष निघतात आणि निष्कर्षांवरून योजना ठरतात. ज्या मुलीने ते दार ठोठावले तिला अहवालाची प्रतसुद्धा पाहावयास मिळत नाही. तिला दारात जे कळले, ते चौकटीत बसत नसल्यामुळे कागदावर उतरतच नाही. "घरात नळ आहे काय?" असा प्रश्न असतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी व किती वाजता येते, ते भरण्यासाठी घरातील कोणी कामाचा खाडा करतो काय, हा प्रश्न नसतो. उत्तर "होय" असे नोंदले जाते आणि सरकारदरबारी त्या घराचा पाणीप्रश्न सुटलेला असतो.

यात कोणाचा दुष्टावा असतो असे मी म्हणत नाही. प्रश्नावली करणारा माणूस हुशार असतो, बहुधा सद्हेतूचाही असतो. पण ज्याने हंडा घेऊन रात्र काढली नाही त्याला तो प्रश्न सुचत नाही. म्हणून हे काम कोण करतो याला महत्त्व आहे.

हे काम आपल्याकडे परके किंवा नवे आहे अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाकली पाहिजे. सोलापूरच्या शाळेत मुख्याध्यापक असलेले गणेश व्यंकटेश जोशी हे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. शाळा सांभाळून हा गृहस्थ सरकारचे जमाखर्चाचे तक्ते, आयात-निर्यातीचे आकडे आणि सारावसुलीचे अहवाल वाचीत असे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचे लेख येत. १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरची आकड्यांची शिदोरी जोशींनी बांधून दिलेली होती. पुढे १९०२ साली गोखल्यांनी कायदेमंडळात अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले त्याचा मुख्य मुद्दा विचारात घ्या. सरकार सांगत होते की तिजोरीत शिल्लक आहे, अर्थात देश सुखी आहे. गोखल्यांनी दाखविले की देश दुष्काळ आणि प्लेगाने गांजलेला असताना शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा अधिक घेतला जात आहे. आकडे सरकारचेच होते. त्यांना विचारलेला प्रश्न मात्र गोखल्यांचा होता. सरकारी योजनेचे विश्लेषण म्हणतात ते याहून मोठे काही नाही.

त्यानंतर १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. त्या संस्थेने पुणे शहराची आणि पुढे सोलापूरची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. घराघरांत माणसे किती, कमावते किती, कर्ज किती, शाळा कोणी सोडली, हे सारे त्यांत आहे. १९७१ साली त्याच परंपरेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी दरमहा १५ रुपये आणि नागरी भागात साडेबावीस रुपये ही किमान गरज धरून त्यांनी सांगितले की ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि नागरी भागातील जवळजवळ निम्मे लोक त्या रेषेखाली आहेत. वीस वर्षांच्या नियोजनानंतर हा आकडा निघाला तेव्हा देशभर वाद झाला. रेषा कोठे मारावी यावर अजूनही वाद आहे आणि तो असावा. पण वादाला काहीतरी हाती लागले, हे त्या दोघांच्या टेबलावरच्या कामामुळे.

या शहरांतील कामगारांच्या खिशाशी थेट संबंध असलेले एक उदाहरण देतो. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. हा कर कशासाठी आला हे किती जणांना ठाऊक आहे? १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिची कल्पना वि. स. पागे यांची. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि योजनेला कायद्याचे रूप देणारा अधिनियम १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. म्हणजे अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातील फिटर आणि विम्कोच्या आगपेटी कारखान्यातील कामगार यांच्या पगारातून जो पैसा गेला, त्यातून सोलापूर-अहमदनगरकडे खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळाली. शहरातील संघटित कामगाराने ग्रामीण असंघटित मजुराचा भार उचलावा, ही कल्पना आपल्या विचाराला धरूनच होती. पण ती मजुरी त्या बाईच्या हातात पडली की मधल्या मधे विरली, हे कोणी पाहायचे? १९८० साली नियोजन आयोगाची कार्यक्रम मूल्यमापन संघटना आणि राज्य सरकार यांनी मिळून पाहणी केली. त्याच वर्षी कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कामावर येणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत आणि आलेली बहुतेक कुटुंबे खरोखरच गरीब आहेत, असे त्यातून दिसले. योजनेचे विरोधक ती बंद करा म्हणत होते. त्यांच्यापुढे ठेवण्यास भाषणापेक्षा अधिक भरीव असे काहीतरी या अभ्यासांनी दिले. २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव नजरेसमोर होता आणि तो अनुभव कोणीतरी मोजून, लिहून ठेवला होता.

मोर्चाला माणसे मिळत नाहीत म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की रोजगार हमी ही मोर्चांनीच टिकली, हे मला मान्य आहे. पण मोर्चा कलेक्टर कचेरीच्या दारापर्यंत जातो. आत टेबलावर मागणीचा कागद ठेवावा लागतो आणि पलीकडचा अधिकारी विचारतो, "किती लोक? कोणत्या वॉर्डातले? तुमच्याजवळ यादी आहे?" तेथे उत्तर नसले की चहा पाजून परत पाठवतात.

आता आपल्या तीन गावांकडे वळतो. येथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण येथे कामाचा डोंगर आहे.

उल्हासनगर हे शहरच मुळी एका सरकारी योजनेतून जन्मले. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या बरॅकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून बसविले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली. छावणीचे शहर झाले, पण लोकांच्या तोंडी अजून कॅम्प नंबर आहेत. बरॅकींच्या जागी मजले चढले, जमिनीच्या सनदा कोणाच्या आणि इमारती कोणाच्या याचा गुंता झाला, परवानगीविना बांधकामे झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, ८५५ इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि शहरात हाहाकार उडाला. अखेर २००६ साली विधिमंडळाने केवळ उल्हासनगर शहरापुरता, अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. एका शहरासाठी एक कायदा, असे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील तर त्यात नवल नाही.

पुढे काय झाले? नियमित झालेल्या इमारती अगदी थोड्या आहेत. बाकीची माणसे वर्षानुवर्षे तशीच, कागदाविना, कर्जाविना, दुरुस्तीच्या परवानगीविना राहिली. २०२१ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यांपैकी साईसिद्धी इमारतीत सात माणसे मेली. मग समित्या आल्या, संरचना तपासणीच्या नोटिसा आल्या, घरे रिकामी करण्याचे आदेश आले.

येथे मूल्यमापन करणाऱ्याने काय करायचे? कायदा चांगला की वाईट यावर निबंध लिहायचा नाही. त्याने एक साधी साखळी हाती घ्यायची. कायदा झाल्याचे किती घरांना कळले? अर्ज कोणी करायचा होता: पैसे घेऊन निघून गेलेल्या बिल्डरने, की सदनिका घेतलेल्या कुटुंबांनी? सोसायटी नोंदलेली नसेल तर सही कोणाची? दंड किती, तो कोणत्या दराने, आणि एका खोलीच्या कुटुंबाच्या किती महिन्यांच्या मिळकतीइतका? जमिनीचा कोणता कागद मागितला, आणि तो कागद ज्या कचेरीत मिळतो तेथे किती दिवस लागतात? अर्ज आल्यावर तपासायला किती अभियंते होते? प्रत्येक पायरीवर किती जण गळाले? शंभर इमारतींची अशी गळती मोजली, तर कायदा कोठे अडला ते स्पष्ट दिसेल. आणि अडलेली पायरी दुरुस्त करणे हे बहुधा नवा कायदा करण्याहून सोपे असते. कधी एक शासन निर्णय पुरतो. हे काम पंधरा वर्षांपूर्वी कोणी नेटाने केले असते तर स्लॅब कोसळले नसते असा दावा मी करणार नाही. पण कोणत्या इमारती धोक्याच्या आहेत, तेथे कोण राहते आणि त्यांना बाहेर काढल्यास ते कोठे जातील, याची यादी लोक ढिगाऱ्याखाली सापडण्याआधी तयार असती.

हे काम करायला कोण लायक? इंजिनिअर लागेल, वकील लागेल. पण मला विचाराल तर दोन नंबर कॅम्पात वाढलेला, दुकानाची खातेवही लिहिणाऱ्या सिंधी बापाचा किंवा कापडाच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या मराठी आईचा मुलगा सर्वांत लायक. सनद म्हणजे काय आणि पागडी म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला टक्केवारी आणि नमुना निवड शिकवता येते. दुसऱ्याला उलट शिकवणे कठीण.

दुसरा प्रश्न डोक्यांच्या मोजणीचा. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ साली ती १ लाख ७४ हजार झाली. अंबरनाथ २ लाख ५३ हजार, उल्हासनगर ५ लाख ६ हजार. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०२५ च्या जूनमध्ये अधिसूचना निघाली आणि संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला. मधल्या काळात बदलापुरात किती इमारती उभ्या राहिल्या हे सकाळच्या लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा. मुंबईत भाडे परवडत नाही म्हणून माणूस ठाण्याला सरकला, ठाण्यातून डोंबिवलीला, तेथून बदलापूर-वांगणीला. तो हिशेबात कोठेच नाही.

हा केवळ अभ्यासकांचा कोरडा प्रश्न आहे असे समजू नका. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी ७६.३२ टक्के आणि नागरी भागासाठी ४५.३२ नव्हे, ४५.३४ टक्के लोकसंख्येची मर्यादा ठरली. ही टक्केवारी २०११ च्या लोकसंख्येवर लावून धान्याचा कोटा बांधला गेला. राज्याचा आकडा गोठला की नव्याने वाढलेल्या गावाला देण्यासाठी जागा उरत नाही. शिधापत्रिका आहे पण धान्य नाही, असे सांगणारी बाई रेशन दुकानदाराशी भांडते. दुकानदार तलाठ्याकडे बोट दाखवतो, तो तहसीलदाराकडे. त्यांच्यापैकी कोणाच्याच हाती ते नसते. तिचे धान्य एका न झालेल्या जनगणनेत अडकलेले असते. हे तिला कोण सांगणार? आणि कोणत्या दारावर मोर्चा न्यायचा हे आपल्याला तरी कोण सांगणार?

तिसरे, नदी. अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या मधून वालधुनी वाहते. वाहते म्हणण्याची रीत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरच्या अखेरीस तिच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि काठावरच्या वस्तीतील शेकडो माणसे श्वास कोंडून दवाखान्यात गेली. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना कोट्यवधी रुपयांची भरपाई ठोठावली. आता एक बारकावा पाहा. प्रदूषण नियंत्रण मंडळ उल्हास नदीचे पाणी ठरलेल्या ठिकाणी तपासते. एक ठिकाण बदलापूर जलकेंद्राच्या वरच्या अंगाला आहे, दुसरे मोहने येथे बंधाऱ्याच्या वर. वालधुनी उल्हासला मिळते ती त्याहून खाली, कल्याणजवळ खाडीत. अर्थात त्या दोन ठिकाणचे आकडे कितीही चांगले आले तरी त्यांत वालधुनीचा एक थेंब नसतो. आकडा खोटा नाही, पण "नदी सुधारली" असे म्हणणारा कोणत्या जागेबद्दल बोलतो आहे, हे विचारायला नकाशा पाहिलेला माणूस हवा. नमुना कोठून घेतला, कोणत्या महिन्यात घेतला, पावसाळ्याचा आकडा उन्हाळ्यात मिसळून सरासरी काढली काय, हे प्रश्न विचारण्यासाठी रसायनशास्त्राची पदवीही लागत नाही.

व्यवसाय म्हणून याचे काय, हे आता थोडक्यात सांगतो, कारण माहिती तुम्हांला इतरत्रही मिळेल. राज्य सरकारचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. विधिमंडळापुढे दरवर्षी येणारी आर्थिक पाहणी तेच तयार करते. त्याच्या जागा परीक्षेतून भरल्या जातात. केंद्रात भारतीय सांख्यिकी सेवा आणि भारतीय आर्थिक सेवा आहेत. दोन्ही १९६१ च्या. आपली मुले जिल्हाधिकारी होण्यासाठी चार-चार वर्षे घालवतात आणि या सेवांची नावे त्यांना ठाऊक नसतात. महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात कामगिरीचे लेखापरीक्षण होते. देवनारला लोकसंख्याशास्त्राची संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था, गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्यास गोखले संस्था. शिकण्याच्या या जागा आपल्या लोकलच्या टप्प्यात किंवा थोड्या पलीकडे आहेत. २०१५ साली राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, २०२० साली बंद पडली, २०२३ साली पुन्हा चालू झाली. मंत्र्यांच्या मर्जीवर जे उघडते-मिटते त्यावर आयुष्य बेतू नये, पण दार उघडे असेल तेव्हा आत जायला हरकत नाही.

खरी वाढ मात्र या कायम नोकऱ्यांत नाही. आज खात्याखात्यांत प्रकल्प व्यवस्थापन कक्ष बसले आहेत. त्यांत सल्लागार कंपन्यांची मुले अकरा महिन्यांच्या करारावर काम करतात. जो अहवाल पूर्वी खात्यातील संख्याशास्त्र सहायक लिहीत असे तो आता कंपनी लिहिते, आणि जिने योजना आखून दिली तिलाच कधी कधी तिचे मूल्यमापन करायला देतात. सासूने सुनेच्या स्वयंपाकाची परीक्षा घ्यावी हे समजू शकते. येथे सूनच आपल्या भाजीला गुण देते. ज्याचा करार मार्चअखेर संपणार आहे तो फेब्रुवारीत "योजना फसली" असे कसे लिहील? त्याच्या प्रामाणिकपणाला दोष देऊन भागणार नाही. त्याच्या नोकरीची रचनाच त्याला गप्प बसवते. म्हणून या क्षेत्रात जाणाऱ्यांनी कंत्राटी पद्धतीचा प्रश्न हा "कामगारांचा" म्हणून बाजूला ठेवू नये. संगणकापुढे बसणारा अकरा महिन्यांचा विश्लेषक आणि आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार यांची कुचंबणा एकाच जातीची आहे. एकाला हातमोजे मिळत नाहीत, दुसऱ्याला खरे लिहिण्याची मुभा.

कायम नोकरी असली की सारे आलबेल असते असेही नाही. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, कारण आयोगाने संमत केलेला बेरोजगारीच्या पाहणीचा अहवाल सरकार प्रसिद्ध करीत नव्हते. निवडणूक आटोपल्यावर तो बाहेर आला. २०१७-१८ सालचा बेरोजगारीचा दर ६.१ टक्के निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने कुटुंबांच्या उपभोगखर्चाची पाहणी सदोष ठरवून प्रसिद्ध करण्याचेच नाकारले. पाहणीत खरोखर दोष असतील तर ते दाखवून आकडे लोकांपुढे ठेवायचे आणि वाद होऊ द्यायचा, ही रीत दांडेकर-रथांच्या काळापासून चालत आलेली आहे. ती मोडली. ज्या दोघांनी राजीनामे दिले त्यांचे नाव कोणत्या चौकाला दिले जाणार नाही, पण या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावे.

त्या एम. ए. झालेल्या मुलीने मला आणखी एक प्रश्न विचारला होता: "सरकारात गेले तर माझा आवाज जाईल, बाहेर राहिले तर पगार जाईल, मग काय करू?" मी तिला सांगितले की सरकारात जा. आतमध्ये प्रश्नावलीत एक ओळ जरी योग्य घालता आली तरी तिचा परिणाम लाखो घरांवर होतो. जे लिहिता येणार नाही ते निदान खोटे लिहू नकोस, आणि कोष्टकाखालच्या टीपा मन लावून लिही. पुष्कळदा खरी गोष्ट तेथेच सुरक्षित राहते. जे बाहेर राहतील त्यांनी तिची टीप वाचण्याइतके तयार असले पाहिजे. जोशी आत होते, गोखले बाहेर होते, आणि दोघांचे एकमेकांवाचून अडले असते.

बाहेर राहणाऱ्यांसाठी काम येथेच, या तालुक्यात आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची मुदत २०२० साली संपली आणि निवडणुका झाल्या त्या २०२५ च्या डिसेंबरात. जवळजवळ साडेपाच वर्षे प्रशासकाने अंदाजपत्रक मांडले आणि प्रशासकानेच ते मंजूर केले. सभागृहात हात वर करून "हा खर्च कशाचा?" असे विचारणारा एकही निवडलेला माणूस नव्हता. त्या पाच अंदाजपत्रकांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात. प्रत्येकात तीन रकाने असतात: मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. लोक पहिला रकाना वाचतात, वर्तमानपत्रेही तोच छापतात, कारण त्यात मोठ्या घोषणा असतात. तुम्ही तिसऱ्यापासून सुरुवात करा. दलित वस्ती सुधारणा, महिला व बालकल्याण, दिव्यांगांसाठी राखीव निधी, सफाई कामगारांची घरे या चार शीर्षांखाली पाच वर्षांत किती धरले आणि किती खर्चले, एवढेच काढा. खर्च मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम फुगला असेल तर ते ध्यानी घ्या. मग कामाच्या ठिकाणी जाऊन पाहा की गटार खरेच झाले आहे काय आणि झाले असेल तर त्याचा उतार कोणीकडे आहे. मी हे थट्टेने म्हणत नाही. एका तालुक्याच्या गावी उतार उलट दिलेले गटार मी पाहिले आहे. उपयोगिता प्रमाणपत्रावर मात्र काम पूर्ण होते, आणि ते होतेही.

चालकांनी कबूल केले आहे की पुढील तीन रविवार ही खोली आपल्याला मिळेल. अंबरनाथच्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाच्या प्रती आलेल्या आहेत, बदलापूरसाठी अर्ज गेला आहे, उल्हासनगरचा अजून कोणी केलेला नाही. तेथे २००६ च्या कायद्याखाली आलेल्या अर्जांची वर्षवार संख्या, फेटाळलेल्यांची संख्या आणि फेटाळण्याची कारणे एवढेच मागायचे आहे. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. कॅम्प दोन किंवा तीनमध्ये राहणाऱ्या कोणी तो आपल्या नावाने द्यावा. ज्यांना बेरीज-वजाबाकी येते आणि दुपारी दोन ते पाच मोकळे आहेत त्यांनी बाहेर टेबलावर नाव लिहून जावे.